'जड धातू : मर्यादेत' म्हणजे नेमके किती?

मा. संपादक,

स. न. वि. वि.

वनौषधींच्या चाचणी-अहवालाच्या तळाशी बहुधा एवढेच छापलेले असते : 'जड धातू : मर्यादेत'. शिसे किती निघाले, कॅडमियम किती, मोजले कशाने, नमुना कुठल्या पोत्यातला, यातले काहीही नाही. आमचे म्हणणे या एका ओळीबद्दल आहे. तिच्या जागी शिसे, कॅडमियम, आर्सेनिक आणि पारा यांचे चार आकडे छापावेत, आणि औषध घेणारा रोज किती ग्रॅम पोटात घेतो त्याच्याशी ते ताडून पाहावेत. असे का म्हणतो, ते थोडे तपशिलात सांगायला हवे.

पहिल्यांदा एक घोळ दूर करू. औषधातल्या धातूंचा विषय निघाला की चर्चा लगेच भस्मांकडे आणि रसौषधींकडे वळते. तिथे धातू मुद्दाम घातलेला असतो. तो वाद स्वतंत्र आहे. इथे प्रश्न आहे नुसत्या मुळांचा, पानांचा, सालींचा, ज्यांत धातू कोणी घातलेला नसतो आणि तरीही सापडतो. रॉबर्ट सेपर आणि सहकाऱ्यांनी इंटरनेटवरून विकत घेतलेल्या १९३ आयुर्वेदिक औषधांची तपासणी २००८ साली प्रसिद्ध केली. रसौषधींपैकी ४०.६ टक्क्यांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले, ही बातमी सगळीकडे गेली. रसौषधी नसलेल्यांपैकीही १७.१ टक्क्यांत ते होते, हा आकडा मात्र मागे राहिला. आम्हाला तोच जास्त महत्त्वाचा वाटतो.

आता मर्यादा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांत वनौषधींसाठी शिसे १० पीपीएम आणि कॅडमियम ०.३ पीपीएम आहे. भारतातल्या आयुर्वेदिक औषधांसाठी याच दोन मर्यादा, शिवाय आर्सेनिक ३ आणि पारा १. युरोपीय फार्माकोपिया, म्हणजे तिकडचा औषधकोश, शिसे ५, कॅडमियम १ आणि पारा ०.१ धरतो. पीपीएम म्हणजे एका किलोत तितके मिलिग्रॅम. पण चूर्ण कोणी किलोने घेत नाही, म्हणून त्याचा दुसरा अर्थ जास्त कामाचा : एका ग्रॅममध्ये तितके मायक्रोग्रॅम.

समजा, चूर्णाची रोजची मात्रा ६ ग्रॅम आहे आणि माल मर्यादेवर अगदी काठोकाठ उतरलेला आहे. मग रोज ६० मायक्रोग्रॅम शिसे, १.८ मायक्रोग्रॅम कॅडमियम, १८ मायक्रोग्रॅम आर्सेनिक आणि ६ मायक्रोग्रॅम पारा पोटात जातो. रासायनिक औषधांतल्या अशुद्धीसाठी आयसीएच या आंतरराष्ट्रीय परिषदेची क्यू३डी नावाची नियमावली आहे. तिच्यात तोंडावाटे घ्यायच्या औषधासाठी दिवसाला शिसे ५, कॅडमियम ५, आर्सेनिक १५ आणि पारा ३० मायक्रोग्रॅम ही सीमा आहे. ही नियमावली वनौषधींना लागू नाही, हे खरे. पण मूत्रपिंडापर्यंत पोचलेले शिसे गोळीतून आले की चूर्णातून, याने काही फरक पडत नाही. आकडे शेजारी-शेजारी ठेवले की दिसते ते असे : कॅडमियम आणि पारा आरामात बसतात, आर्सेनिक जरासे बाहेर डोकावते, आणि शिसे बारा पट जास्त. शिशाची मर्यादा सैल आहे. अन्नातल्या दूषितांचा विचार करणाऱ्या 'जेक्फा' या संयुक्त तज्ज्ञ समितीने शिशासाठी पूर्वी ठरवलेली आठवड्याची सहनीय मात्रा २०१० साली मागेच घेतली, कारण ज्याखाली अपाय होत नाही अशी पातळी तिला सांगता येईना.

तोच १० पीपीएमचा माल ५०० मिलिग्रॅमच्या एका गोळीत गेला तर रोजचे शिसे ५ मायक्रोग्रॅम. माल एक, अहवाल एक, 'मर्यादेत' हा शब्दही एक, आणि पोटात जाणारे शिसे बारा पट कमी-जास्त. म्हणून नुसत्या पीपीएमवर थांबून भागत नाही. रोज ६ ग्रॅम घ्यायच्या चूर्णात शिसे ०.८ पीपीएमच्या आसपास असेल तरच ५ मायक्रोग्रॅमची सीमा पाळली जाते. काढ्याची गोष्ट जरा निराळी : धातूचा काही भागच पाण्यात उतरतो, उरलेला चोथ्याबरोबर फेकला जातो. चूर्णात सगळेच पोटात जाते.

हे धातू येतात कुठून, याची उत्तरे चौघांची चार आहेत, आणि उपायही त्याप्रमाणे बदलतात.

शिसे मुळातून वर फारसे चढत नाही. मातीतल्या कणांना ते घट्ट धरून राहते. त्यामुळे वनौषधीतले शिसे पुष्कळदा वनस्पतीच्या आत नसते, अंगावर असते : मुळाच्या सुरकुत्यांतली माती, पानांवरच्या लवेत अडकलेली धूळ, पावसाच्या थेंबांनी खालच्या पानांवर उडवलेला चिखल. जमिनीत शिसे किलोला ५० मिलिग्रॅम असेल आणि वाळलेल्या मुळात वजनाने २ टक्के माती राहिली असेल, तर तेवढ्यानेच १ पीपीएम शिसे वाढते. पेट्रोलमध्ये शिसे घालत असत त्या काळातल्या वर्दळीच्या रस्त्यालगतच्या मातीत किलोला ३०० मिलिग्रॅम असले, तर त्याच २ टक्क्यांनी ६ पीपीएम. पेट्रोलमधले शिसे गेले, मातीतले गेले नाही.

ही माती पकडायला महागडे यंत्र लागत नाही. २ ते ३ ग्रॅम चूर्ण मुशीत घेऊन ४५० अंश सेल्सियसच्या वर न जाता काळा कण उरणार नाही इतके जाळायचे. उरलेली राख २५ मिलिलिटर विरळ हायड्रोक्लोरिक आम्लात ५ मिनिटे उकळायची, राख न सोडणाऱ्या गाळणकागदावर गाळायची, गरम पाण्याने धुवायची, कागदासकट पुन्हा जाळायची आणि वजन करायचे. ही आम्लात न विरघळणारी राख, म्हणजे मुख्यतः वाळू आणि माती. वनस्पतीची स्वतःची राख बहुतेक आम्लात विरघळून जाते. प्रत्येक वनौषधीसाठी या राखेची कमाल टक्केवारी औषधकोशात दिलेली असते, पण ती 'भेसळ तपासायची जुनी पद्धत' म्हणून उरकली जाते. खरे तर ही राख वाढलेली दिसली की शिसे वाढलेले असण्याची शंका घ्यावी आणि माल पुन्हा धुता येईल का, ते आधी पाहावे. उलट राख कमी आणि शिसे जास्त असेल, तर स्रोत माती नव्हे, दुसरे काही आहे.

धुण्याची वेळ फार महत्त्वाची. मूळ खणल्यावर काही तासांत, ओले असतानाच धुतले तर माती सुटते. एकदा वाळले की साल आक्रसते, माती सुरकुत्यांत बसते आणि मग कितीही खळबळा, निघत नाही. शिवाय वाळलेले मूळ पुन्हा भिजवले की बुरशीला आमंत्रण. पाणी दोन-तीनदा बदलून, शेवटचे पाणी स्वच्छ दिसेपर्यंत, भरभर धुवावे. तासन्‌तास भिजत ठेवू नये, नाहीतर पाण्यात विरघळणारे गुणी घटकही निघून जातात. आणि धुवायचे पाणी कुठले, हाही प्रश्न आहेच. नाल्याच्या पाण्यात धुतलेले मूळ दिसायला स्वच्छ असते.

कॅडमियमचे वागणे याच्या अगदी उलट. ते जस्ताच्या इतके जवळचे आहे की वनस्पती जस्त आणि लोह घेण्याच्या वाटांनी त्यालाही आत घेते आणि पानांपर्यंत पोचवते. कितीही धुवा, जात नाही. कॅमोमाइल आणि सेंट जॉन्स वर्ट या युरोपात खूप वापरल्या जाणाऱ्या वनस्पती कॅडमियम साठवण्यासाठी प्रसिद्ध आहेत. त्यामुळे कॅडमियमचा बंदोबस्त लागवडीच्या आधीच करावा लागतो. सगळ्यांत मोठी किल्ली म्हणजे जमिनीचा सामू (पीएच). तो ६ च्या खाली घसरला की मातीला चिकटलेले कॅडमियम सुटे होऊन मुळांना मिळू लागते. जस्ताची कमतरता असेल तर शोषण वाढते; खारे पाणी दिले तरी वाढते, कारण क्लोराइडशी जोडी जमवून कॅडमियम मातीतून सहज हलते.

इथे फॉस्फेट खताला बदडण्याची पद्धत आहे. खतात कॅडमियम असते, हे खरेच. युरोपीय संघाने २०२२ पासून फॉस्फेट खतांवर दर किलो पी२ओ५ (खतातले स्फुरद ज्या रूपात मोजतात ते) मागे ६० मिलिग्रॅमची मर्यादा घातली आहे. पण हिशेब करा. हेक्टरी ६० किलो पी२ओ५ दिले आणि खत त्या मर्यादेवरच असले, तर वर्षाला ३.६ ग्रॅम कॅडमियम. नांगराच्या २० सेंटिमीटर थरात हेक्टरी साधारण २६ लाख किलो माती असते. म्हणजे भर पडते किलोला ०.००१४ मिलिग्रॅमची. पन्नास वर्षांत ०.०७. ती दुर्लक्ष करण्यासारखी नाही, पण एका हंगामात माल नापास व्हावा अशीही नाही. अमोनियम सल्फेटसारख्या खतांनी दरवर्षी सामू उतरवत नेला, तर जमिनीत आधीपासून असलेले कॅडमियम मोकळे होते. त्याचा फटका जास्त लवकर बसतो. चुना टाकून सामू साडेसहाच्या वर आणणे आणि जस्ताची उणीव भरणे, हे दोन उपाय स्वस्त आहेत आणि काम करतात. सांडपाण्याचा गाळ आणि न तपासलेले शहरी कंपोस्ट यांचा हिशेब मात्र वेगळा. तिथे एका वर्षात पन्नास वर्षांची भर पडू शकते. भारताच्या खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टसाठी किलोला कॅडमियम ५, शिसे १००, आर्सेनिक १० आणि पारा ०.१५ मिलिग्रॅम या मर्यादा आहेत. औषधी पिकासाठी त्या काठोकाठ वापरू नयेत.

आर्सेनिक पाण्याबरोबर येते. वाफसा असलेल्या जमिनीत ते लोहाच्या ऑक्साइडांना धरून असते. पाणी साचून हवा संपली की ती ऑक्साइडे विरघळतात आणि आर्सेनिक मोकळे होते. म्हणून ब्राह्मी, मंडूकपर्णी, वेखंड अशा ओलाव्यात रमणाऱ्या वनस्पतींबाबत जास्त सावध राहायला हवे. ब्राह्मी तर दूषित पाण्यातून धातू शोषून घेण्यासाठी अभ्यासली गेलेली वनस्पती आहे. तीच सांडपाण्याच्या कडेला फोफावलेली कापून औषधात घालणे म्हणजे गाळणीच खाण्यासारखे. सिंचनाच्या पाण्यात लिटरला १०० मायक्रोग्रॅम आर्सेनिक असेल आणि हंगामात ५० सेंटिमीटर पाणी दिले, तर हेक्टरी ५०० ग्रॅम आर्सेनिक जमिनीत उतरते. वरच्याच हिशेबाने किलोला ०.२ मिलिग्रॅम, दर हंगामाला. तेव्हा मातीबरोबर विहिरीचे पाणीही तपासावे.

पाऱ्याबद्दल थोडक्यात : मुळांतून तो फार कमी येतो, पाने तो हवेतून घेतात. कोळसा जाळणाऱ्या भट्ट्यांच्या आसपास पाने गोळा करू नयेत.

पाचवा मार्ग निसर्गाचा नाही. हळदीला पिवळा रंग चढवण्यासाठी लेड क्रोमेट चोळतात. या रंगात वजनाने सुमारे ६४ टक्के शिसे आणि १६ टक्के क्रोमियम असते. एका किलोत एक ग्रॅम रंग पडला तरी शिसे ६४० पीपीएम. अहवालात शिसे आणि क्रोमियम साधारण चारास एक या प्रमाणात वाढलेले दिसले, तर ते मातीतून आलेले नाही, डब्यातून आलेले आहे. 'मर्यादेबाहेर' एवढेच लिहिणाऱ्या अहवालातून हे कधीच कळणार नाही, आकडे लागतात. बांगलादेशात २०१९ साली हळदीच्या बाजारातल्या ४७ टक्के नमुन्यांत शिसे सापडत होते. हातातल्या एक्स-रे यंत्राने बाजारातच तपासणी, दंड आणि जाहीर प्रचार हे सगळे एकदम झाले, आणि २०२१ पर्यंत ते प्रमाण शून्यावर आले. भेसळ अशी झटक्यात थांबवता येते. जमिनीतले कॅडमियम असे थांबत नाही. मात्र हे हातातले यंत्र ०.३ पीपीएम कॅडमियम पाहू शकत नाही, त्याला काही पीपीएमच्या पुढचेच दिसते. त्यावर 'कॅडमियम आढळले नाही' असे लिहून देणारा अहवाल घेऊ नये.

'आढळले नाही' हे दोन शब्द तसे सगळीकडेच जपून वाचावेत. पूर्वी सल्फाइडचा काळपट रंग डोळ्यांनी ताडून 'एकूण जड धातू' ठरवायची पद्धत होती. तिच्यात नमुना ५०० ते ६०० अंशांवर जाळावा लागे. पारा तिथेच उडून जाई, आणि मग अहवालात पारा नाही! अमेरिकी फार्माकोपियाने ही पद्धत १ जानेवारी २०१८ पासून काढून टाकली. आता अर्धा ग्रॅम नमुना बंद भांड्यात नायट्रिक आम्लासह मायक्रोवेव्हमध्ये विरघळवून आयसीपी-एमएस या, अणूंच्या वजनावरून धातू ओळखणाऱ्या यंत्रावर मोजतात. त्यातही चुका होतातच. वनस्पतीतल्या क्लोरीनची आणि यंत्रातल्या आर्गॉनची जोडी आर्सेनिकच्याच वजनाची, ७५ ची, भरते आणि नसलेले आर्सेनिक दाखवते. अशा जोड्या गाळून टाकणारी हेलियमची कोलिजन सेल चालू नसेल तर हा घोटाळा होतो. वाळूत अडकलेले शिसे नुसत्या नायट्रिक आम्लाने पूर्ण सुटत नाही, आकडा कमी येतो. सफरचंदाच्या पानांची प्रमाणित भुकटी मिळते, तिच्यात शिसे ०.४७ पीपीएम असल्याचे पक्के ठरलेले आहे. प्रयोगशाळेने तुमच्या नमुन्याबरोबर ती चालवली का आणि तिचा आकडा किती आला, हे विचारण्याचा हक्क माल पाठवणाऱ्याला आहे. बहुतेक जण विचारत नाहीत.

तरी सगळ्यांत मोठी चूक यंत्रावर होत नाही, पोत्यापाशी होते. दहा टन मालाचा निकाल अर्ध्या ग्रॅमवर लागतो, तेव्हा तो अर्धा ग्रॅम कुठून आला, यालाच सगळे महत्त्व. जागतिक आरोग्य संघटनेची रीत सोपी आहे : पाचपर्यंत पोती असतील तर प्रत्येकातून, सहा ते पन्नास असतील तर पाचांतून, पन्नासच्या वर असतील तर दहा टक्के पोत्यांतून नमुना घ्यायचा, आणि प्रत्येक पोत्यात वरून, मधून, तळातून, असा तीनदा. तळ टाळला जातो, कारण पोते आडवे करावे लागते. पण वाहतुकीत हादरे बसून बारीक भुगा तळाशीच जातो, आणि माती त्या भुग्यात असते. वरची मोठी, स्वच्छ मुळे तपासून आलेला आकडा त्या मुळांपुरता खरा असतो, मालापुरता नाही. सगळे एकत्र करून ढीग घालायचा, चार भाग पाडायचे, समोरासमोरचे दोन ठेवायचे, पुन्हा ढीग, पुन्हा चार भाग. हव्या तेवढ्या वजनावर येईपर्यंत. मग सगळेच दळायचे, चाळणीवर उरलेले फेकून न देता.

आणखी एक : अहवालात ०.२८ पीपीएम कॅडमियम आले आणि मोजमापातली अनिश्चितता २० टक्के असेल, तर खरा आकडा ०.२२ ते ०.३४ च्या दरम्यान कुठेही असू शकतो. तो 'पास' नव्हे, 'पुन्हा तपासा' असा निकाल आहे.

भारतातून निर्यात होणाऱ्या निव्वळ वनस्पतिजन्य आयुर्वेदिक, सिद्ध व युनानी औषधांना १ जानेवारी २००६ पासून जड धातूंची चाचणी सक्तीची झाली. ती करायला लागणारी यंत्रे आणि माणसे तेव्हापासून तयार आहेत. त्यामुळे आमची मागणी नव्या प्रयोगशाळांची नाही. वेष्टनावर लॉट क्रमांक असतोच; त्या क्रमांकाने चारही धातूंचे आकडे, मोजण्याची किमान क्षमता, अनिश्चितता आणि वेष्टनावरच्या कमाल मात्रेनुसार होणारे रोजचे मायक्रोग्रॅम ग्राहकाला पाहता यावेत. हे आकडे कच्च्या मालाच्या प्रत्येक लॉटचे असावेत, वर्षातून एकदा निवडून पाठवलेल्या नमुन्याचे नव्हेत. आणि जो अर्क दहा किलो पाल्यापासून एक किलो करतात, त्याचा अहवाल पाल्याचा न देता अर्काचाच द्यावा, कारण आटवताना धातू किती मागे राहिले आणि किती बरोबर आले, हे मोजल्याशिवाय सांगता येत नाही.

कळावे,

आपले,
कच्च्या वनौषधींच्या गुणवत्ता-तपासणीचे काम करणारे काही वाचक